‘किरकोळ कारणावरून’

सदाशिवपेठकर,

द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांबाबतच्या ब्रिटिश धोरणावर मी लिहिलं, त्यावर तुमचा शेरा: ‘खून तो खून. हेतूचं वेगळं खातं कशाला? लंडनचं फॅड.’ फॅडचं राहू द्या, पुण्यात हेल्मेटलाही फॅडच म्हणतात.

कडक शिक्षेची तरतूद आपल्याकडे आधीपासून आहे, हे मान्य. माझं म्हणणं नोंदीबद्दल होतं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या मणिपुरी मुलाला कोपऱ्यावर चोप मिळाला. मी त्याच्याबरोबर चौकीत गेलो. मारणारे त्याच्या डोळ्यांवरून, खाण्यावरून काय काय बोलले ते त्याने दोनदा सांगितलं. हवालदारसाहेबांनी लिहिलं, ‘किरकोळ कारणावरून वाद होऊन’. माणूस उर्मट नव्हता हो, चहाही विचारला. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर, सही झाली आणि खरं कारण चौकीच्या टेबलावरच राहिलं.

ब्रिटनमध्ये 1993 साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वंशद्वेषातून खून झाला; त्याच्या पोलीस तपासाची लक्तरं 1999च्या मॅकफर्सन चौकशी अहवालाने वेशीवर टांगली. पीडिताला किंवा इतर कुणालाही घटना वंशद्वेषाची वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची, असं ठरलं. सिद्ध होणं न होणं पुढचं. आकडे त्याने फुगतात, हा तुमचा आक्षेप रास्त आहे. नोंद आणि दोषसिद्धी यांची मी लेखात गल्लत केली होती.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 103(2) आलं: वंश, जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. चौघांनी केला तर नेहमीचंच कलम. त्या यादीत ‘धर्म’ हा शब्दही नाही.

आणि लंडन कशाला, हडपसरच घ्या. जून 2014 मध्ये तिथे एका आयटीतल्या मुस्लिम तरुणाला जमावाने ठार मारलं. 2017 मध्ये तिघांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता. आणि ही बाब आरोपींच्या बाजूने धरली! सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो आदेश रद्द केला. 2023 मध्ये सगळे आरोपी सुटले. म्हणजे हेतूचं खातं होतंच की, फक्त जमा भलत्याच बाजूला झाली.

2018च्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखायला प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं होतं. पुण्यात सध्या ते काम कुणाकडे आहे, असा माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच डकवतो.