स्टार लावला की स्टेमर बाजूला का होतो?

नमस्कार. स्टेमर (शब्दाचे प्रत्यय छाटून मूळ तुकडा ठेवणारा प्रोग्राम) आणि स्टार (शोधताना '*' लावलं, की तिथे कुठलीही अक्षरं चालतात) यांवरच्या माझ्या लेखावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबलंय.

तुमचा आक्षेप असा, की 'पाण्यात' शोधलं तर ढीगभर लेख येतात आणि 'पाण्या*' शोधलं तर एकही नाही, हा सरळसरळ बग आहे आणि मी उगाच सारवासारव करतोय. तुमच्या मते स्टार लावलेल्या शब्दावरही स्टेमर चालवला की विषय संपला.

मला हे पटत नाही. इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दांच्या यादीत, काय पडलंय ते बघा. माझ्या उदाहरणातल्या स्टेमरने पाणी, पाण्यात, पाण्याने, पाण्यावर या सगळ्यांचे प्रत्यय छाटून, सामान्यरूपातला 'या'सुद्धा काढून, फक्त 'पाण' ठेवलंय. 'पाण्यात' टाइप केलं की त्याचीही तीच छाटणी होते आणि जुळणी होते. 'पाण्या*'ला मात्र ल्युसीन ही शोधाची लायब्ररी, आणि तिच्यावर बांधलेली सोलर व इलॅस्टिकसर्च ही शोध-इंजिनंही, स्टेमर लावत नाहीत. ती 'पाण्या'ने सुरू होणाऱ्या नोंदी शोधत बसतात आणि तशी एकही नोंद उरलेली नसते. इंग्रजीतही तेच: पोर्टरच्या १९८०च्या स्टेमरने 'युनिव्हर्सिटी'चं 'युनिव्हर्स' होतं, मग 'युनिव्हर्सिट*'ला भोपळाच.

आता तुमचा उपाय. 'पाण्या*' छाटलं की 'पाण*' होईल. लेख येतील, पण सोबत पाणबुडी, पाणवठा आणि पाणकोंबडीही येतील. हे एक वेळ चालेल. पण कुणी बालाजी किंवा बालाघाट मनात धरून 'बाला*' लिहिलं तर? 'घराला'मधला 'ला' छाटायला शिकलेला स्टेमर इथेही 'ला' उडवतो. उरतं 'बा*', आणि बाजार, बातमी, बाप सगळे दारात उभे. स्टेमरचे नियम पूर्ण शब्दांसाठी असतात. अर्धवट तुकड्याच्या शेवटी दिसतो तो प्रत्यय आहे की शब्दाचाच भाग, हे त्याला कळायला काही मार्ग नसतो.

ही कल्पना हवेतली नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस खरंच असं करतो, आणि त्याच्या अधिकृत माहितीतच याचा नमुना दिलाय: 'पोस्टग्रेस' या उपसर्गाने शोधलं तर 'पोस्टग्रॅज्युएट' जुळतो, कारण छाटून 'पोस्टग्र' एवढंच उरलेलं असतं. इलॅस्टिकसर्चमध्येही स्टारवाल्या शब्दावर छाटणी करू पाहणारा 'ॲनलाइझ_वाइल्डकार्ड' नावाचा पर्याय आहे. तो मुळात बंद ठेवलाय, आणि माझ्या मते बरोबर ठेवलाय.

म्हणून मी मजकूर दोन फील्डमध्ये, म्हणजे इंडेक्सच्या दोन वेगळ्या कप्प्यांत, ठेवायला सांगतो: एक छाटलेलं, एक जसंच्या तसं. साध्या क्वेरी (शोधासाठी लिहिलेले शब्द) पहिल्याकडे, स्टारवाल्या दुसऱ्याकडे. इंडेक्स फुगतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण 'पाण्या*'ला पाण्यात, पाण्याने, पाण्यावर मिळतात. 'पाणी' नाही मिळत, कारण त्या अक्षरांनी तो सुरूच होत नाही. ज्याला सगळी रूपं हवीत त्याने स्टार न लावता शोधावं.

राहता राहिला '*खाना', म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला लावलेला स्टार. दवाखाना, कारखाना येतील, 'दवाखान्यात' येणार नाही. त्यासाठी '*खान*' लिहावं लागेल. पण स्टार पुढे आला की शब्दांची अख्खी यादी चाळावी लागते, म्हणून ल्युसीनचा क्लासिक पार्सर (क्वेरी वाचून तिचा अर्थ लावणारा भाग) अशी क्वेरी मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय घेतच नाही. सोलरमध्ये शब्द उलटे करून साठवणारा फिल्टर आहे, पण तो '*खाना'पुरता. '*खान*'ला त्याचा काही उपयोग नाही.