आमच्या वसाहतीत इमारत नको म्हणणाऱ्यांना

इंदूरमधील अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूच्या आमच्या जुन्या वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आज सकाळी एक निवेदन आले आणि दुपारपर्यंत त्याखाली ओळखीच्या बहुतेकांची नावे जमा झाली. मुख्य रस्त्याला लागून असलेला कोपऱ्यावरचा बंगला पाडून तेथे लहान सदनिकांची इमारत होणार आहे. त्यामुळे वसाहतीचे स्वरूप बिघडेल, पाण्याचा दाब कमी होईल, गाड्या उभ्या करायला जागा राहणार नाही आणि ‘कोण येऊन राहतील याची खात्री देता येत नाही’, सबब परवानगी देऊ नये, असा त्याचा आशय आहे. मी त्यावर सही केलेली नाही आणि करणारही नाही. गटावर उत्तर लिहिले तर सुप्रभातच्या फुलांखाली ते दबून जाईल, म्हणून येथे फेसबुकवर लिहितो आहे.

इंदूर वेडेवाकडे पसरत चालले आहे याचे दुःख माझ्या मित्रयादीतील सर्वांनाच आहे, हे मी गृहीत धरतो. कोणाच्याही घरी जेवायला बसा, ‘खंडवा रोडला आता शेत दिसत नाही हो’ हे वाक्य दुसऱ्या पोळीच्या आत येते. मग ज्यांना शेते राहावीत असे वाटते, त्यांनीच शहराच्या आत एक इमारत वाढू नये म्हणून सह्या गोळा कराव्यात, याचा अर्थ काय घ्यायचा? माणसे तर येणारच आहेत. तुमच्या मुलांची लग्ने होणारच आहेत. ती राहणार कोठे?

आमच्या घरचेच सांगतो. वडिलांनी हे घर बांधले तेव्हा गच्चीवर खांबांच्या सळया तशाच वर सोडल्या होत्या. दोन मुलगे आहेत, पुढेमागे वर मजले चढतील, असा त्यांचा हिशेब होता. त्या सळया आजही आहेत. गंजून तांबड्या झाल्या आहेत, आई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालते आणि उन्हाळ्यात कुरडयांवर झाकलेली जुनी साडी वाऱ्याने उडू नये म्हणून तिची टोकेही त्यांनाच बांधलेली असतात. धाकट्या भावाचे लग्न ठरले तेव्हा आम्ही वर दोन मजले चढवायचे ठरवले, नकाशा काढून घेतला, शुल्क भरले, आणि मग एका कार्यालयाच्या खिडकीवर समजले की आमच्या गल्लीची रुंदी तेवढ्या बांधकामाला पुरत नाही, शिवाय वाढीव घरांसाठी प्लॉटच्या आत मोटारी उभ्या करण्याची जागाही दाखवावी लागेल. भावाकडे तेव्हा एक स्कूटर होती. त्याने तसे सांगितले. खिडकीतून उत्तर आले, ‘गाड़ी तो आ ही जाएगी, भैया.’

आणि खरोखरच आली. भावाने तेजाजी नगरच्या बरेच पुढे एका नव्या कॉलनीत प्लॉट घेतला, घर बांधले, आणि तेथून मोटारीशिवाय दूधही आणता येत नाही म्हणून कर्ज काढून मोटार घेतली. शहराच्या आत मोटार नसताना घर मिळाले नाही, आणि बाहेर घर मिळाले म्हणून मोटार घ्यावी लागली. हा नियम कोणी केला असेल त्याचे मला मनापासून अभिनंदन करावेसे वाटते.

आमच्याकडे किती मजले चढवायचे हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते. त्यामागे कारण आहे, अग्निशमनाची गाडी अरुंद गल्लीत शिरत नाही हे मला मान्य आहे. पण त्याच नियमांच्या राज्यात गव्हाच्या आणि बटाट्याच्या काळ्या जमिनीचे डायव्हर्शन होते, म्हणजे शेतजमीन बांधकामासाठी बदलून मिळते, कॉलनायझर, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, चुन्याच्या रेघा मारतो, कमान उभी राहते, कमानीवर इटलीतील एखाद्या गावाचे नाव येते, आणि रजिस्ट्री होण्याच्या कितीतरी आधी डायरीवरच्या कच्च्या नोंदींवर सौदे होऊन प्लॉट तिसऱ्या हाती गेलेला असतो. यातले बरेच प्लॉट घर बांधण्यासाठी घेतलेलेच नसतात. भावाच्या कॉलनीत दिवे लागलेली घरे मोजकी आहेत, मध्ये गाजरगवत माजलेले मोकळे प्लॉट आहेत, आणि त्या गवतापर्यंत रस्ता, वीज व गटार नेऊन ठेवलेले आहे. हवा मोकळी आहे, हे मान्य. ती खायला घरी माणूस अंधार पडल्यावर पोहोचतो.

पाण्याची तक्रार निवेदनात सर्वांत वर आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपण जे पाणी पितो ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, नर्मदेतून, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा घाट पंपांनी चढवून येते. पहिल्या टप्प्याचे पाणी 1978 मध्ये शहरात आले. ते आणण्यासाठी शहराने आंदोलन केले होते आणि ज्यांनी या निवेदनावर सह्या केल्या आहेत, त्यांपैकी काही जण त्या आंदोलनात होते. एवढ्या खर्चाने वर चढवलेले पाणी शहरात आल्यावर कमी लांबीच्या नळांतून जास्त घरांना द्यायचे, की शहर चारी दिशांना ताणत नेऊन त्याच्यामागे नळ पळवायचे? कोपऱ्यावरच्या इमारतीसमोरून मुख्य जलवाहिनी आधीच जाते. भावाच्या कॉलनीत बोअरिंग आहे, ते चैत्रात आटते, आणि मग टँकर येतो. जी कुटुंबे तुमच्या कोपऱ्यावर राहिली नाहीत ती पाणी पिणे सोडत नाहीत, ती टँकरचे पाणी पितात.

2014 मध्ये आजूबाजूची 29 गावे शहराच्या हद्दीत आली. हद्द वाढवणे ही एका आदेशाची गोष्ट असते. त्या हद्दीपर्यंत ड्रेनेज, बस आणि कचऱ्याची गाडी पोहोचवणे ही वर्षानुवर्षांच्या खर्चाची. कचऱ्याच्या गाडीच्या बाबतीत आपण देशाला दाखवून दिले, याचा मलाही अभिमान आहे. बसच्या बाबतीत मात्र काय बोलावे! ए. बी. रोडवर 2013 मध्ये बीआरटीएस, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी राखलेली वाट, सुरू झाली, अकरा-साडेअकरा किलोमीटरचा तो मार्ग होता, विद्यार्थी आणि नोकरदार बायका त्यातून वेळेवर पोहोचत होत्या, आणि 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची परवानगी मिळताच त्याची रेलिंग निघायला लागली. मोटारींना जागा कमी पडत होती म्हणे. त्या मोटारी कोठून आल्या हे वर लिहिलेच आहे. त्यांतली एक माझ्या भावाची आहे.

त्याच वर्षी 31 मे रोजी मेट्रो सुरू झाली, तीही शहराच्या कडेच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर, सुमारे सहा किलोमीटर, पाच स्थानके. आयटी कंपन्यांच्या आवारांमध्ये आणि मोकळ्या भूखंडांमध्ये. पुढे वस्ती होईल तेव्हा तिचा उपयोग होईल, हे मी नाकारत नाही. पण जेथे माणसे आहेत तेथली बसची वाट काढायची, आणि जेथे माणसे यायची आहेत तेथे आधी गाडी धावू द्यायची, यातला क्रम मला कोणीतरी समजावून सांगावा.

हे सगळे आपल्या शहराला शंभर वर्षांपूर्वी सांगून झालेले आहे, म्हणून जास्त राग येतो. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून येथे आला होता, आणि त्याचा इंदूरवरचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात तेव्हा प्लेग होता. गेडीस गल्लीगल्लीतून हिंडला, दिवाळीत त्याने स्वच्छतेची मिरवणूक काढली, आणि रुंद सरळ रस्त्यांसाठी मोहल्लेच्या मोहल्ले पाडू नका, मोजकी पडकी घरे काढा, छोटे चौक मोकळे करा, झाडे लावा, लोकांना त्यांच्या जागी राहू द्या, असे तो सांगत राहिला. आपण काय केले? 2016 च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत इंदूरचे नाव आले आणि पुढे बडा गणपती ते कृष्णपुरा हा रस्ता रुंद करण्यासाठी जुन्या घरांचे पुढचे भाग कापले गेले. दाट वस्ती कशी चालते हे पाहायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. आपल्या सराफा बाजारात दिवसा ज्या दुकानांत सोने विकले जाते, त्यांच्याच ओट्यांवर रात्री खाऊची दुकाने लागतात. घर वर, दुकान खाली, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, असे हे शहर होते.

भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिच्याशी या विषयावर बोलणे होते तेव्हा गंमत वाटते, कारण मोटारीशिवाय जगता न येणारी उपनगरे जेथे सर्वांत जास्त झाली, तेथेच लोक आता त्यांना पर्याय शोधत आहेत. ‘स्मार्ट ग्रोथ’ म्हणतात त्याला. मेरीलँड राज्याने 1997 मध्ये असा कायदा केला की वाढीसाठीचा राज्याचा पैसा ठरवून दिलेल्या वस्तीच्या क्षेत्रांतच जाईल. त्याबाहेर ज्याला बांधायचे आहे त्याने बांधावे, पण सरकारी तिजोरी त्याच्या मागे धावणार नाही. तेवढ्याने पसरणे थांबले नाही, हेही खरे. मिनियापोलिसने 2018 च्या डिसेंबरात ठरवले की जेथे एका भूखंडावर एकच घर बांधता येत होते तेथे तीन बांधता येतील, आणि 2021 मध्ये पार्किंगची सक्तीच काढून टाकली. त्यावर खटले झाले, आणि तीन घरांच्या इमारती काही फार झाल्या नाहीत. घरे वाढली ती मुख्य रस्त्यांवरच्या मोठ्या इमारतींमुळे. म्हणजे नेमकी आपल्या कोपऱ्यावर होणार आहे तशी इमारत, काका!

हे निवेदन ज्या काकांनी लिहिले आहे, ते हे वाचतील याची मला कल्पना आहे. काका, तुम्ही वडिलांचे स्नेही, या वसाहतीत पहिल्या पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून सामान आणलेल्यांपैकी एक. तुमचे अक्षर आजही निवेदनात ओळखू येते. दोघेही मुलगे बाहेर, एवढ्या घरात तुम्ही आणि काकू, आणि समोरच्या कोपऱ्यावर खोदकाम सुरू होणार म्हटल्यावर धूळ, आवाज, अनोळखी माणसे, हे सगळे या वयात नको वाटणे अगदी साहजिक आहे. बिल्डर बांधकामाच्या वेळी काय गोंधळ घालतात ते मलाही ठाऊक आहे, आणि त्यांनी रात्री काम करू नये, रस्त्यावर रेती टाकू नये, असे निवेदन तुम्ही लिहिले तर पहिली सही माझी असेल.

पण ‘कोण येऊन राहतील’ हे वाक्य मी तुमच्याकडूनसुद्धा ऐकून घेणार नाही. कोण येतील? शाळेत शिकवणाऱ्या बायका येतील, सियागंजच्या घाऊक बाजारात हिशेब लिहिणारे येतील, माझ्या भावासारखे येतील, ज्यांना लहानशी सदनिका परवडते आणि बंगला परवडत नाही. आपले आईवडील राजवाड्याजवळच्या वाड्यांतून दोन-दोन खोल्यांत भाड्याने राहिले तेव्हा कोणत्या वाडामालकाने खात्री मागितली होती? सगळ्यांनी स्वतःची घरे झाल्यावर फाटक लावून घ्यायचे आणि वर शहर बिघडले म्हणून हळहळायचे, हा दुटप्पीपणा आहे, आणि तो आपल्या मराठी मंडळींत थोडा जास्तच आहे. गणेशोत्सवात मंडपात तरुण पिढी दिसत नाही अशी तक्रार दरवर्षी होते. तरुण पिढी बायपासपलीकडे आहे, आरतीला निघाली तर भंवरकुआँच्या चौकात अडकते.

माझा पुतण्या पूर्वी शाळेतून सरळ आजीकडे येत असे, वरणभात खाऊन येथेच झोपत असे. आता तो रविवारी येतो, तेही वडिलांना वेळ असला तर. आई तक्रार करत नाही, पण रविवारी सकाळपासून फाटकाच्या आवाजाकडे तिचे लक्ष असते. दोन मजल्यांचा प्रश्न होता हो. वर एक जिना काढायचा होता.

असो. आता कामाचे लिहितो. 2021 पर्यंतचा इंदूरचा मास्टर प्लॅन 2008 मध्ये लागू झाला होता आणि मुदत उलटून गेल्यावरही शहराचा कारभार त्याच्याच आधारावर ओढला गेला. नव्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा कॉलनायझरांची माणसे फायली घेऊन हजर असतात, आणि आपण नंतर फेसबुकवर लिहितो. या वेळी आपल्यापैकी काही जणांनी तीनच गोष्टी लेखी मागाव्यात असे मला वाटते: ज्या जुन्या वसाहतींत पाणी, ड्रेनेज आणि शाळा आधीच आहेत तेथे कुटुंबासाठी एक-दोन मजले चढवण्याची सोपी वाट असावी आणि अग्निसुरक्षेचा उपाय गल्लीच्या रुंदीपुरता मर्यादित न ठेवता इमारतीत शोधावा, ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यावर मोटारीच्या जागेची सक्ती नसावी, आणि आधीच्या कॉलन्यांतले रिकामे प्लॉट भरल्याशिवाय पुढच्या शेताचे डायव्हर्शन होऊ नये. तिसरी मागणी मान्य होणार नाही हे मला कळते, तरी ती लिहायचीच. हरकती हिंदीत द्याव्या लागतील. मसुदा मी करतो, ज्यांची हिंदी सरकारी वळणाची आहे त्यांनी तो तपासून द्यावा, आणि ज्यांनी सकाळच्या निवेदनावर सही केली आहे त्यांनाही यावर सही करायला माझी काही हरकत नाही.