औषधी बांगडा

माशाचं कालवण खाण्यासाठी असतं, ही माझी समजूत आमच्या घरात हल्ली अल्पमतात आहे. बाकीच्यांच्या मते ते 'घ्यायचं' असतं. 2020 साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरीचा काढा सुचवला आणि अख्खा देश तो प्यायला. साथ ओसरली, देशाने काढा सोडला. आमच्या मेहुण्यांनी सोडला नाही.

मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. जन्म पुण्याच्या पेठेतला. मासे खायला लागले ते साठीनंतर, तेही डॉक्टरांनी ओमेगा थ्रीचं नाव काढल्यावर. त्यामुळे ते बांगडा खात नाहीत, ओमेगा खातात. रविवारी सकाळी फोन येतो, "भाऊजी, आज ओमेगा आहे का हो?" खोटं बोलायची सोय नाही, कारण बायकोने त्यांना आधीच मेसेज केलेला असतो. 1 जूनपासून समुद्रातली मासेमारी बंद होते, तेव्हा कोळी बांधवांच्या खालोखाल विश्रांती मला मिळते.

मी वेंगुर्ल्याचा. नारळाच्या रसातला, तिरफळं घातलेला बांगडा आमच्याकडे कुणी शिकवत नाही आणि कुणी माफही करत नाही. नारळ खवायचा, कोमट पाण्यात वाटायचा, धुतलेल्या पंचातून पिळायचा. पंचा लग्नातला असला तर उत्तम, त्याचा दुसरा काही उपयोग होत नाही. पहिला रस दाट, तो बाजूला झाकून ठेवायचा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळलेला दुसरा रस पातळ. त्यात मिरची, धणे, हळदीचं वाटण घालून उकळी आणायची, आमसुलं टाकायची, बांगड्याचे तुकडे सोडायचे. बांगडा शिजला की मग पहिला रस, अगदी मंद आंचेवर, वर झाकण नाही, उकळी तर नाहीच नाही. उकळला की रस फुटतो. वर तेलकट कण, खाली पाणी आणि मध्ये बांगडा, कुठल्या बाजूला जावं या विचारात. ही शेवटची पाच मिनिटं माणसाने गॅससमोरून हलू नये. बेल वाजली तर वाजू द्यावी.

मेहुणे नेमके याच पाच मिनिटांत बेल वाजवतात.

परवाही वाजवली. थेट स्वयंपाकघरात येऊन त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"भाऊजी, हे एवढं खोबरं? कोलेस्टेरॉल!"

"दादा, खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं. संतृप्त मेद असतो."

हे बोलायला नको होतं. ज्ञानी माणसाची चूक दुरुस्त केली तर तो गप्प बसत नाही, खुर्ची ओढतो. बांगड्यातला ओमेगा हृदयाला तारतो, नारळातला मेद मारतो, म्हणजे बेरीज शून्य, हा हिशेब त्यांनी मला ओट्यावर बोटाने मांडून दाखवला. मी एका डोळ्याने हिशेब आणि दुसऱ्याने रस बघत होतो. शून्यावरून वर यायचा उपायही त्यांनी पिशवीतून आणला होता. शेवग्याचा पाला. अश्वगंधा पावडर. गुळवेलीचं कांडं. आणि गवती चहा.

"थायलंडात घालतात," ते म्हणाले.

घालतात, हे खरं आहे. नारळाच्या दुधात गवती चहा, मकरूट लिंबाची पानं आणि आल्याच्या जातीचा तो एक कंद घालून थाई लोक झकास सूप करतात. पण तिथे स्वयंपाक करणाऱ्याची आई वेंगुर्ल्याला फोनवर बसलेली नसते. माझी बसलेली होती, आणि फोन स्पीकरवर होता.

"मेल्या, तां सार आसा, काढो नाय!"

"आई काय म्हणाल्या?" मेहुण्यांनी विचारलं.

"तुमची चौकशी केली."

गुळवेल रसात पडली असती तर काय झालं असतं, ते ज्याने गुळवेल चाखली आहे त्याला सांगायला नको. मग मी पवित्रा बदलला. म्हटलं, दादा, औषधं यात आधीच आहेत. आमसूल पित्तावर. हळद तर हळदच. आणि ही तिरफळं! लिंबाच्या कुळातली, काटेरी झाडावरची, चीनमधली सिचुआन मिरी हिची सख्खी चुलत बहीण. बांगडा-तारलीसारखा तेलकट मासा पोटाला बाधू नये म्हणून आमच्याकडे घालतात. (खरं कारण वासाचं आहे. तेलकट माशाचा उग्रपणा तिरफळाने जातो. पण वासाला कोण मान देतो?)

चीनचं नाव निघताच मेहुण्यांनी पिशवी मिटली. बायकोने ती हळूच उचलून गॅलरीत नेली. रस फुटला नव्हता. मी तिरफळं जराशी ठेचून पातेल्यात टाकली आणि गॅस बंद केला.

पानं वाढली. मी नियम सांगितला: तिरफळाचा नुसता अर्क घ्यायचा, फळ भातात आलं तर बाजूला काढायचं.

"औषधी आहे ना?"

"आहे."

"मग बाजूला काय म्हणून?"

आणि त्यांनी ती वेचून वेचून, दातांखाली नीट घोळवून चावली. आधी भुवया वर गेल्या. मग जीभ बाहेर आली, तिला बोट लावून ती जागेवर आहे का हे त्यांनी तपासलं. तिरफळाने जिभेला मुंग्या येतात आणि ती बधिर होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, पण लहान पोरं आधी ऐकून घेतात. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, त्यातून 'ल' आणि 'ळ' यांच्या मधलं एक अक्षर आलं.

पंगतीत त्या दिवशी ओमेगा, मेद, पित्त, कफ यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. मी भाताचं दुसरं आळं केलं, त्यात दाट रस ओतला, बांगड्याचं डोकं घेतलं आणि सावकाश चोखलं. बायकोनेही भावासमोर पहिल्यांदाच तिसऱ्यांदा भात मागितला.

ताक पिऊन झाल्यावर मेहुण्यांची जीभ परत आली. आता आपल्याला ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, समाधान होतं.

"भाऊजी," ते म्हणाले, "गुण लगेच आला बघा. जराशी पुडीत बांधून द्या, उद्यापासून सकाळच्या काढ्यात टाकतो."

मी डबाच दिला.