‘एसीचा गॅस दरवर्षी संपतोच’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मार्च उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपतो, म्हणून तो दर उन्हाळ्यात भरून घ्यावा, गळती शोधण्याच्या नावाखाली गॅरेजवाले लुटतात, त्यापेक्षा गळती बंद करणारा डबा टाकावा, गेजवर प्रेशर दिसले की गॅस पुरेसा आहे असे समजावे, नवा गॅस ओझोनला इजा करत नाही, तेव्हा थोडा हवेत गेला तरी बिघडत नाही, आणि पावसाळ्यातही एसी अधूनमधून चालवावा. यातला शेवटचा सल्ला तेवढा बरोबर आहे.

गॅस वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचे द्रव करतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते आणि ती कॉम्प्रेसरकडे परतते. या बंद फेऱ्यात काहीही जळत नाही. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट-सीलमधून (फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून) किंचित पाझर होतो हे मान्य केले, तरी त्याचा परिणाम जाणवायला बरीच वर्षे जावी लागतात. एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरत नसेल, तर कुठेतरी गळती आहे.

हा समज आपल्याकडे इतका पक्का का झाला, याचे कारण मला आपल्या हवेतच दिसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत अनेकजण एसीच्या बटणाला हातही लावत नाहीत. या काळात गळती चालूच असते, फक्त ती कुणाच्या लक्षात येत नाही. मग एप्रिलमध्ये चोर्ला घाट उतरून गोव्याच्या उकाड्यात शिरल्यावर गार हवा येत नाही, आणि ‘वर्ष झाले, गॅस संपला’ असा निष्कर्ष निघतो.

गळती न शोधता नुसता गॅस भरत राहण्यातला खरा धोका तेलाचा आहे. कॉम्प्रेसरचे वंगणतेल गॅसबरोबरच सगळीकडे फिरते. गळतीतून गॅसबरोबर थोडे तेलही जाते, शिवाय गॅस कमी झाला की उरलेले तेलही कॉम्प्रेसरपर्यंत नीट परत येत नाही. असा अर्धवट कोरडा कॉम्प्रेसर झिजला की त्याचा धातूचा चुरा संपूर्ण यंत्रणेत पसरतो, आणि ओ-रिंगच्या (सांध्यातल्या रबरी कड्याच्या) किरकोळ कामाचे रूपांतर कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि ड्रायर (आतला ओलावा शोषणारा भाग) बदलण्यात होते.

आता ‘लुटी’विषयी. माझ्या स्वतःच्या गाडीत दोन उन्हाळे गॅस भरून झाल्यावर मी ती उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पुढची जाळी काढून कंडेन्सरवर बॅटरीचा झोत टाकला. सगळीकडे खानापूर रस्त्याची तांबडी धूळ कोरडी बसली होती. फक्त खालच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी ती काळपट, चिकट झाली होती. “गॅस दिसत नाही, तेल दिसतं,” एवढेच ते म्हणाले. नायट्रोजनचा दाब देऊन तिथे साबणाचे पाणी लावल्यावर बारीक बुडबुडे संथपणे एकामागून एक वर येऊ लागले. खडीच्या ट्रकमागून जाताना उडालेल्या एखाद्या दगडाचे हे काम असावे. शोधायला अर्धा तासही लागला नाही. गॅस भरायच्या तोंडाशी असलेल्या सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन गळत असेल तर काम याहून स्वस्तात होते, म्हणून आधी ती तपासावी. कूलिंग कॉइल गळत असेल तर मात्र बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि त्या मजुरीला लूट म्हणणे अन्यायाचे आहे.

डब्यातल्या औषधांपैकी काही रबर फुगवतात, तर काही ओलावा लागताच घट्ट होतात. दुसऱ्या प्रकारचे औषध यंत्रणेत आधीच शिरलेल्या ओलाव्यामुळे आतल्या आतही घट्ट होऊ शकते आणि कूलिंग कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे बारीक छिद्र बुजवू शकते. दगडाने फुटलेल्या कंडेन्सरला त्याचा उपयोग नाही.

प्रेशरचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो अधिक फसवा आहे. एसी बंद असताना आत थोडे जरी द्रव शिल्लक असेल, तरी प्रेशर फक्त तापमानावर ठरते : आर-१३४ए, म्हणजे संदेशातला ‘नवा गॅस’, ३० अंशांना गेजवर सुमारे ९७ पीएसआय (दाबाचे एकक) दाखवतो, मग आत ४०० ग्रॅम गॅस असो वा २००. एसी चालू असतानाचे आकडेही बाहेरच्या उष्णतेनुसार आणि इंजिनाच्या गतीनुसार बदलतात. म्हणून दुरुस्तीनंतर ड्रायर बदलून, किमान अर्धा तास व्हॅक्यूम ओढून आतला ओलावा काढावा, पंप बंद केल्यावर व्हॅक्यूम टिकतो का ते पाहावे, आणि बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा.

ओझोनला इजा करणारा गॅस म्हणजे जुन्या गाड्यांच्या एसीतला आर-१२ होता आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याला आळा घातला, हे बरोबर आहे. परंतु त्याच्या जागी आलेला आर-१३४ए तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते चौदाशे पट प्रभावी आहे. ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे म्हणजे पाचशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे, आणि हे दरवर्षी करावे असे संदेश सुचवतो.

राहिला पावसाळ्यातला एसी. आठवड्यातून दहा मिनिटे तो चालवल्यास तेल फिरते आणि शाफ्ट-सील ओले राहते, त्यामुळे ते कोरडे पडून गळण्याची शक्यता घटते. शिवाय जांबोटीच्या धुक्या-पावसात काचेवर धरलेली वाफ एसीने लवकर उतरते. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना हे सांगायला नको.