भावना दुखावल्या, म्हणून गुन्हा?

कुणी काही लिहिलं की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यासमोर गर्दी, हातात निवेदन आणि एकच मागणी: 'भावना दुखावल्या, गुन्हा दाखल करा.' एकदा संविधानाचं कलम 19(2) उघडून वाचा. अभिव्यक्तीवर बंधन घालायची आठ कारणं तिथे आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. दुखावलेल्या भावना त्या यादीत नाहीत.

यावर लगेच धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं, जुन्या दंड संहितेतलं कलम 295अ पुढे केलं जातं. (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 299.) पण ते कलम घटनेत बसतं असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली सांगितलं, तेही ते जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेल्या धर्मनिंदेपुरतंच आहे म्हणून. सहज लिहिलेली किंवा एखाद्याला न रुचलेली ओळ त्यात येत नाही.

2012 चं पालघर आठवतंय? बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. आता सांगा, सार्वजनिक सुव्यवस्था कुणी बिघडवली? लिहिणारीने की दगड उचलणाऱ्यांनी? जमाव खवळेल म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात बजावलं होतं. पालघरनंतर दाखल झालेल्या याचिकेवरच 2015 मध्ये आयटी कायद्याचं कलम 66अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द झालं. तरीही पोलीस पुढे कित्येक वर्षं त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. याची मला मनापासून चीड येते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. 370 रद्द केल्याचा निषेध आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढंच त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसमध्ये होतं. गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं, दंड संहितेतलं कलम 153अ लागलं. उच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि पोलिसांनाच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे द्यायला हवेत असं म्हटलं. सुटले खरे, पण तोवर दीड वर्ष आरोपी म्हणून काढलं, ते कोण भरून देणार?

शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मनाने. जरा कुठे खुट्ट झालं की बिथरणाऱ्याच्या मनाने नव्हे. ही कसोटी बाहेरून आलेली नाही. आपल्या नागपूरच्या न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, इंग्रजांचं राज्य असताना मांडली.

याचा अर्थ काहीही बोला असा मी अजिबात म्हणत नाही. एखाद्या वस्तीकडे बोट दाखवून 'यांना धडा शिकवा' म्हणणारा माणूस मत मांडत नसतो, तो चिथावणी देत असतो. त्याच्यावर गुन्हा व्हायलाच हवा, मग तो आपल्या बाजूचा का असेना. तिथे आपले लोक गप्प बसतात आणि कवितेवर मात्र तुटून पडतात.

मार्च 2025 मध्ये एका कवितेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी. कायद्याने त्यासाठी चौदा दिवस दिलेत. तेव्हा पुढच्या वेळी निवेदनावर सही मागायला कुणी आलं, तर त्या आठांपैकी नेमकं कुठलं कारण लागू होतं ते त्याला आधी विचारा. उत्तर नसेल तर सही करू नका.