वॉश, वाळू आणि लाल शिंतोडे: ग्लॅडिएटरच्या झटपट कृतीचा प्रतिवाद

रोमन ग्लॅडिएटरच्या २८ मिलिमीटरच्या मूर्ती रंगवणाऱ्यांमध्ये एक झटपट कृती हातोहात फिरते आहे. ती थोडक्यात अशी: काळा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारा, अंगाला त्वचेचा रंग द्या, सगळ्या मूर्तीवर तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) सोडा, धातूवर चांदीचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात) फिरवा, बेसवर (मूर्ती उभी राहते त्या चकतीवर) फेविकॉल लावून वाळू पसरा, हवं तर गवत-दगड लावा आणि शेवटी लाल रंगाचे शिंतोडे उडवा. अर्ध्या तासात रिंगण तयार.

चिलखतातले साठ लेजनरी (रोमन पायदळातले सैनिक) रांगेत उभे करायचे असतील तर ही कृती चालते. तिथे मूर्तीचा बहुतेक भाग पट्ट्या, कड्या आणि कापडाच्या चुण्यांनी भरलेला असतो, आणि बघणारा तीन फुटांवरून बघतो. ग्लॅडिएटरच्या अंगावर लंगोट, रुंद कमरपट्टा, एका हाताला आवरण, पायाला पत्रा आणि डोक्यावर शिरस्त्राण एवढंच असतं. बाकी सगळी उघडी कातडी, आणि पायाखाली वाळू. कृती नेमकी याच दोन ठिकाणी कच्ची आहे.

‘काळा प्रायमर सगळ्याला चालतो.’

त्वचेचे आणि पिवळट रंग काळ्यावर झाकत नाहीत. चार-पाच हात द्यावे लागतात आणि तेवढ्यात छातीच्या, दंडाच्या स्नायूंमधल्या बारीक खाचा भरून जातात. राखाडी प्रायमर घ्या. काळाच हाताशी असेल तर तो वाळल्यावर वरून तिरका पांढरा स्प्रे मारा. सावली कुठे पडते ते आधीच दिसतं. कॅन २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. फार लांबून मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग सँडपेपरसारखा होतो. मुंबई-कोकणात पावसाळ्याच्या ऐन दिवसांत स्प्रे टाळलेलाच बरा: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढुरकी झाक येते. मॅट व्हार्निशला (शेवटी मारायच्या, चकाकी नसलेल्या संरक्षक थराला) हा त्रास सर्वाधिक. ब्रशने लावायचा प्रायमर अशा वेळी उपयोगी पडतो. रेझिनची मूर्ती त्याआधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवायची, नाहीतर साच्याच्या तेलावरून रंग नखाने निघतो.

‘त्वचेवर एक हात वॉश, बाकी तो बघून घेतो.’

खरं नुकसान इथे होतं. वॉश खाचेत उतरून सावली धरतो हे बरोबर, पण त्यासाठी खाच असावी लागते. मांडी, पाठ, पोट हे सपाट गोलसर भाग. तिथे वॉशचं तळं साचतं, ते कडेने आधी सुकतं, रंगकण त्या कडेकडे ओढले जातात आणि मांडीवर डागाची गोल रेघ उरते. त्यावर ड्रायब्रश केला की कातडी खडूची भुकटी फासल्यासारखी दिसते.

वॉश टाकून द्यायचा नाही, आवरायचा. वॉश आणि मॅट मीडियम (रंग पातळ करायचं रंगहीन माध्यम) समान घ्या. ब्रश टिश्यूवर टेकवून अर्धा रिकामा करा आणि फक्त काखेत, छातीखाली, कोपराच्या आत, गुडघ्यामागे, पट्ट्याच्या कडेला लावा. थेंब साचलाच तर स्वच्छ ओल्या ब्रशने लगेच उचला. अर्धवट सुकल्यावर हात लावाल तर खालचा थर फाटतो. मग पूर्ण सुकू द्यायचा आणि मूळ रंगाने झाकायचा.

त्वचेसाठी वॅलेहो कंपनीचे दोन रंग पुरतात: फ्लॅट फ्लेश आणि चॉकलेट ब्राऊन, दोनास एक. तेवढंच पाणी घालून दोन पातळ हात द्या. मग फ्लॅट फ्लेश वाढवत खांद्याचा माथा, छातीचा वरचा भाग, मांडीचा पुढचा भाग उजळा. शेवटचा ठिपका फ्लॅट फ्लेशमध्ये थोडा हस्तिदंती मिसळून. सगळ्यांना एकच छटा मात्र नको. रिंगणात गॉल, थ्रेस, सीरिया, उत्तर आफ्रिका, सगळीकडची माणसं उतरत. गडद कातडीला प्रमाण उलटं करा आणि उजळताना पांढरा न घालता नारिंगीकडे झुकणारा तपकिरी घाला. पांढऱ्याने ती राखेसारखी दिसते.

आता पोटाबद्दल. मूर्तिकार सहा चौकटींचं पोट कोरतो आणि झटपट कृतीतला वॉश त्या चौकटी आणखी ठसठशीत करतो. रोमन लेखक प्लिनीने ग्लॅडिएटरांना ‘जव खाणारे’ म्हटलं आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या एफेससजवळ १९९३ मध्ये सापडलेल्या त्यांच्या दफनभूमीतल्या हाडांच्या अभ्यासातूनही धान्य आणि कडधान्यांवर भर असलेला आहार दिसतो. वरवरच्या घावांपासून बचाव म्हणून अंगावर चरबी बाळगत असावेत, असं त्या अभ्यासकांनी सुचवलं. कोरलेलं पोट आपण बदलू शकत नाही, पण चौकटींमधल्या रेघा गडद करायच्या नाहीत आणि पोटाचा वरचा फुगवटा एकसंध उजळायचा, एवढ्याने माणूस बदलतो.

‘धातू म्हणजे चांदी.’

तलवारीचं पातं, त्रिशूळाची टोकं चांदीची, ठीक. पण पॉम्पेईच्या (ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या रोमन शहराच्या) ग्लॅडिएटर बराकीत अठराव्या शतकात सापडलेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेली शिरस्त्राणं ब्राँझची आहेत. पायाचे पत्रेही ब्राँझचे. सिटाडेल या ब्रँडचा बाल्थासर गोल्ड हा रंग चांगला तळ. तपकिरी वॉश फक्त नक्षीत, जाळीच्या भोकांत काळा, कडांवर सोनेरी, आणि सर्वांत वरच्या कडेला चांदीचा एक टिपका.

उत्साही मंडळी यावर हिरवट गंज चढवतात, कारण संग्रहालयातल्या फोटोत तो असतो. तो जवळपास सतराशे वर्षं जमिनीत राहिल्याचा परिणाम आहे. रिंगणात उतरणारा पत्रा घासूनपुसून चकचकीत केलेला असे. प्रेक्षकांना दाखवायचाच तो माल. मॅट व्हार्निश ही चकाकी मारतं, म्हणून व्हार्निशनंतर धातूवर ब्रशने ग्लॉस फिरवा.

याच ओघात एक सूचना: आवरण कोणत्या हाताला आहे ते बघून घ्या. मुर्मिल्लो, थ्रेक्स, सेक्युटर या ग्लॅडिएटरच्या प्रकारांत ते उजव्या हाताला असतं. जाळंवाल्या रेटियारियसच्या डाव्या, वर खांद्यावर पत्र्याची ढाल. मुर्मिल्लोच्या फक्त डाव्या पायाला आखूड पत्रा, थ्रेक्सच्या दोन्ही पायांना उंच. सुटे हात जोडताना इथे हमखास घोळ होतो. डोळे रंगवायची मेहनत रेटियारियससाठी राखून ठेवा, बाकी तिघांचे चेहरे झाकलेलेच असतात.

‘वाळू म्हणजे वाळू.’

हिशेब करून बघा. २८ मिलिमीटरची मूर्ती साधारण १:५६ प्रमाणात असते. १ मिलिमीटरचा कण म्हणजे त्या माणसाच्या पायाखाली साडेपाच सेंटिमीटरचा धोंडा. किनाऱ्यावरची वाळू चाळणीने चाळूनही रिंगण नदीपात्रासारखं दिसतं ते यामुळे. शिवाय तिच्यात मीठ असतं. न धुता वापरली तर ते ओल धरतं आणि काही महिन्यांनी रंगावर मिठाची पांढरी भुकटी फुलून येते. वर जाड फेविकॉल सुकताना आकसतो, पुठ्ठ्याचा किंवा पातळ एमडीएफचा बेस वाटीसारखा वळतो.

चांगला बेस असा होतो. मूर्तीच्या टाचेत ०.८ मिलिमीटरचं भोक पाडून तार घाला आणि सुपरग्लूने बेसवर बसवा. बारीक अ‍ॅक्रिलिक टेक्स्चर पेस्ट एक ते दीड मिलिमीटर जाडीने पसरा. मूर्तीच्या पायाखालची चकती तिच्यात बुडून एकसपाट झाली पाहिजे. पेस्ट आवळायला लागली की दुसऱ्या एखाद्या मूर्तीचा पाय पाण्यात बुडवून ठसे उमटवा, मागच्या पायामागे एक घसरट ओढा, दोन-तीन ठिकाणी मलमलमधून चाळलेली धुतलेली वाळू भुरभुरवा. एक दिवस सुकू द्या. मग चार भाग पाणी, एक भाग फेविकॉल आणि साबणाचा एक थेंब असं मिश्रण त्या कणांवर सोडा म्हणजे ते झडणार नाहीत. साबण नसेल तर पाणी वर गोळी होऊन बसतं.

वाळू ‘नैसर्गिक रंगाची’ म्हणून तशीच ठेवू नका. फेविकॉलने ती काळवंडते आणि गारगोटीचे कण काचेसारखे चमकतात. तळाला वॅलेहोचा फ्लॅट अर्थ, त्यावर इराकी सँडचा ड्रायब्रश (हो, इथे ड्रायब्रश शोभतो), ठशांच्या कडांवर फिकट वाळूरंगाचा अगदी कोरडा हात. शेवटी तोच वाळूरंग पाण्यासारखा पातळ करून पावलांच्या कडांवर आणि घोट्यापर्यंत चढवा. हे केलं नाही तर मूर्ती जमिनीच्या वर तरंगते.

गवताचे झुपके, खडक, कवट्या यांना रिंगणात काम नाही. इ.स. ८० मध्ये उघडलेल्या कोलोसियमच्या रिंगणात लाकडी तक्तपोशीवर वाळू पसरलेली असे. वेगळं काही दाखवायचंच असेल तर बेसच्या कडेला वाळू सरकून उघडी पडलेली फळीची एक कड कोरा.

‘रक्त जास्त, परिणाम जास्त.’

पॉम्पेईत २०१९ मध्ये मुर्मिल्लो आणि थ्रेक्सच्या लढतीचं जे भित्तिचित्र मिळालं, त्यात हरलेल्या थ्रेक्सच्या मनगटावर आणि छातीवर घाव आहेत आणि रक्त खाली ओघळताना दाखवलं आहे. सगळ्या अंगावर शिंतोडे नाहीत. जखम ठरवा, ओघळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने न्या, हात वर असेल तर कोपराकडे. तामिया कंपनीचा क्लिअर रेड एक्स-२७ घ्या आणि त्यात काळ्या-तपकिरीचा कणभर मिसळा, नाहीतर तो सरबतासारखा दिसतो.

वाळूवर हा चकचकीत लाल लावायचाच नाही. वाळू रक्त शोषते. तिथे डाग मॅट, गडद तपकिरी, कडेला फिकट होत जाणारा हवा, आणि तो जखमी माणसाच्या पावलांपाशी. क्लिअर रेड मॅट व्हार्निशच्या नंतरच लावा. आधी लावला तर व्हार्निश त्याची ओल मारून टाकतं आणि जखमेच्या जागी विटेचा ठिपका उरतो.