गिट्टीची गोधडी

आमच्या घरात वाकडं शिवण्याचं खातं लग्नापासून माझ्याकडे आहे. उशीचा अभ्रा असो की पोरीचा फ्रॉक, माझा धावदोरा ओसरीवरून निघाला की गोठ्यातच जाऊन थांबतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक अमरावतीहून आली आणि तिने मोबाइलवर एक चित्र दाखवलं, तेव्हा वाटलं, हे तर आपल्या हातचं काम!

चित्रात नुसते चौकोन. आडवे १२, उभे २२. वरच्या ओळी प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. खाली येताना एकेक चौकोन कलंडत, सरकत जातो आणि तळाशी शाळा सुटते. गेओर्ग नीस नावाच्या जर्मन माणसाने १९६८च्या सुमारास हे कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. चित्राचं नाव 'शॉटर', म्हणजे गिट्टी. आमच्या गावच्या रस्त्यावर कित्येक वर्षं गिट्टीच पसरलेली आहे, पण तिला कोणी कला म्हटलेलं नाही.

बारा बावीस दोनशे चौसष्ट. चार इंची चौकोन धरला तर रुंदी ४ फूट, लांबी ७ फूट ४ इंच. एका माणसाची गोधडी बरोब्बर! खाली आत्याबाईंची दोन जुनी लुगडी, वर मामाजींचं पांढरं धोतर आणि त्यावर काळ्या दोऱ्याने चौकोनांच्या नुसत्या कडा. धोतराबद्दल मामाजींना विचारलं होतं. कापल्यावर.

"मनाने वाकडं करायचं नाही," लेकीने बजावलं. "माणूस मनाने वाकडं करायला गेला की सगळं एकाच बाजूला झुकतं. नीसने रँडम आकडे वापरले होते." आमच्याकडे रँडम म्हणजे सहा कवड्या. तीन उताण्या पडल्या तर चौकोन सरळ, कमी पडल्या तर डावीकडे, जास्त पडल्या तर उजवीकडे. जितक्या कमी-जास्त, त्याला ओळीच्या आकड्याने गुणायचं, तितके अंश. म्हणजे पहिल्या ओळीत फार तर ३ अंश आणि बाविसाव्या ओळीत ६६. लेकीच्या जुन्या कंपासमधला कोनमापक घेऊन मी भर दुपारी ओसरीवर बसले. लाइट नाही, कूलर बंद, कपाळावरचा घाम थेट धोतरावर. शेजारची काकू कुंपणापलीकडून ओरडली, "का हारपलं वं बाई? कवड्या टाकून रायली तं!" संध्याकाळपर्यंत दोघीजणी हरवलेल्या बकरीचं विचारून गेल्या.

खरी परीक्षा पहिल्या ओळीने घेतली. तळाचा गोंधळ सोपा, एका चौकोनाला अर्धा तास. पण तो सरळ पहिला चौकोन! स्केल लावली, खडूने आखलं, श्वास रोखून टाके घातले, तरी कोनमापक ११ अंश दाखवी. अकराव्या ओळीचा वाकडेपणा मी पहिल्याच ओळीत खर्चून बसले होते. तीनदा उसवली. चौथ्यांदा मृगाचा पाऊस आला आणि सगळे सरकीच्या मागे लागले. गोधडी ट्रंकेत गेली.

पुन्हा काढली ती पोळ्यानंतर. दिवाळीच्या आधी बाविसावी ओळ संपली, तेव्हा मी आत्याबाईंसमोर ती पसरून दाखवली. त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत पाहिली आणि काहीच बोलल्या नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "खालच्या सहा ओळी उसवून नीट करून देल्ल्या म्या. तुया हाताले वळण नाई, पन त्यात तुया काय दोष?"

सहा गुणिले बारा, बहात्तर कवड्या-फेऱ्यांचं काम तीन रात्रीत सरळ! आणि काय सरळ! कोनमापक लावून पाहिला, एकेक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. वरची माझी ओळ कलंडलेली, खालची त्यांची ताठ. लेक फोनवर इतकी हसली की तिची रूममेट जागी झाली.

हरभऱ्यात रानडुकरं शिरायला लागली तशी मामाजींनी गोधडी खांद्यावर टाकली आणि जागलीला निघून गेले. धोतर त्यांचंच, बोलणार काय? सकाळी परतले तेव्हा चहा देताना मी हळूच विचारलं, कशी वाटली म्हणून.

"ऊब बेस हाय," ते म्हणाले. "सरळ बाजू उशाकडं घेतली. वाकडी तोंडाशी आली का बॅटरीच्या उजेडात चक्कर येते."

म्हणजे चित्र एकदाचं सुलटं लागलं होतं. मी लेकीला फोन लावायला उठले, तोच मागून आवाज आला, "सूनबाई, त्या वाकड्यायच्या मधात एक चौकोन सरळच रायला. तेवढा उसवून घे."